आबांची खुर्ची, कृष्णधवल

नॅशनल पार्कातला बिबट्या दोन वर्षांपूर्वी नवस्नेहदीप सोसायटीच्या मागच्या भिंतीवर येऊन बसला होता. सुयोग राऊळ त्याला घाबरला नाही असं नाही. पण त्याच वेळी भिंतीखाली आबा उभे राहून शिट्टी वाजवत होते, त्यामुळे दोघांपैकी आधी कोणाला घाबरायचं हे ठरवण्यात त्याचा वेळ गेला, आणि तेवढ्यात बिबट्यानेच स्वतःचा निर्णय घेऊन पार्काचा रस्ता धरला.

आबा म्हणजे सुयोगचे वडील, मार्तंड राऊळ. मूळचे कुडाळकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका गोदामाच्या सुरक्षा विभागात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं, तर आबांनी ते नाकारून शिट्टी मागून घेतली. ती तेव्हापासून त्यांच्या गळ्यात आहे. गेली अकरा वर्षं ते सोसायटीचे सचिव आहेत आणि बोरीवली पूर्वेच्या त्या बिल्डिंगमध्ये चुकीच्या जागी लावलेली स्कूटर, गॅलरीतून झटकलेली चादर आणि जिन्यात थांबून मारलेल्या गप्पा या सगळ्यांवर त्या शिट्टीचा एकच उपाय चालतो.

सुयोग वयाने तीस, मरोळच्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं तपासायचा. दिवसाला नऊशे बटणं दाबायची आणि त्यातल्या एकानेही कुठे जायचं नाही, असं पाच वर्षं केल्यावर माणसाला कलेची ओढ लागते. सुयोगला फोटोग्राफीची लागली. त्याने सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन कोर्स घेतला: ‘घरगुती वस्तूंचं अमूर्त कृष्णधवल छायाचित्रण’. शिकवायला मुलुंडच्या प्रांजल मॅडम होत्या, ज्या सहा आठवड्यांत एकदाही हसल्या नाहीत, आणि ज्यांच्या मागच्या भिंतीवर एका करड्या गोळ्याचा फोटो होता. तो बटाटा असावा असं सुयोगला वाटे, पण विचारायची हिंमत झाली नाही.

पहिल्या गृहपाठाला त्याने किसणी काढली. बाजूने उजेड, खोल सावल्या, एकेक दात डोंगरासारखा. मॅडमचा शेरा आला, ‘किसणी.’ एवढंच. दुसऱ्याला त्याने गाळणीच्या इतक्या जवळ कॅमेरा नेला की लेन्सला चहाची भुकटी लागली. शेरा आला, ‘गाळणी. चहाची.’ तिसऱ्या वेळी त्याने कुकरची शिट्टी जमिनीवर आडवं पडून खालून काढली, मान तीन दिवस धरली. त्यावर मॅडमनी लिहिलं, ‘हे मी ओळखलं नाही. माझ्या आईने ओळखलं.’

माणूस हाडाचा भित्रा असला तरी त्यालाही मान असतो, आणि सुयोगची तर धरलेली होती.

“वस्तू दाखवू नका,” मॅडम शेवटच्या वर्गात म्हणाल्या. “वस्तूचं नसणं दाखवा.” सुयोगने ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणजे काय करायचं असं विचारलं, तर त्याचा माइक बंद होता. शेवटच्या गृहपाठाचे नियम मात्र अगदी स्पष्ट होते. चित्राभोवती काळी चौकट सक्तीची. खाली शीर्षक आणि तारीख सक्तीची. सोबत किमान पाच प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया जोडाव्यात. रविवारी रात्रीपर्यंत पाठवावं, अन्यथा प्रमाणपत्र मिळणार नाही.

त्याच आठवड्यात आबा आणि आई गावी निघाले. जमिनीच्या सातबाऱ्यावर आबांचं नाव चढवायचं काम नऊ वर्षं चालू होतं आणि या वेळी तलाठी भेटणार असं पक्कं कळलं होतं. निघताना आबांनी सुयोगच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं.

“ह्यो माझो निवडणुकीचो अर्ज,” आबा म्हणाले. “शनिवारी सांजच्या सातच्या आत चंद्रप्रकाशाकडे द्यायचो. आधी दिलंस तर कर्णिकाक कळात आणि तो चार माणसां फिरवीत. सात वाजान एक मिनिट झाला तर माका सांगू नको.”

“मग काय करू?”

“रविवारी मी येतंय. तेव्हा घरात आसू नको.”

दुसऱ्या मजल्यावरचे देवदत्त कर्णिक गेली अकरा वर्षं सचिवपदाची तयारी करत होते. त्यांच्याकडे लेटरहेड छापून तयार होतं, फक्त तारीख टाकायची राहिली होती. सोसायटीच्या निवडणुकीचे अधिकारी चौथ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाशभाई शाह. नियमाला इतके पक्के की मागे एकदा स्वतःच्या बायकोचं मत त्यांनी चष्मा न आणल्याबद्दल बाद केलं होतं. सुयोगने पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तीन दिवस तो शर्ट बदलला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी घरी एकटा असताना त्याची नजर गॅलरीतल्या खुर्चीवर गेली. ती आबांची खुर्ची. तपकिरी प्लास्टिकची, एक हात तुटलेला आणि त्यावर काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळलेली. तीत आबांखेरीज कोणी बसत नसे. पाहुणे बसत नसत, मांजर बसत नसे, एकदा नगरसेवक आले होते ते उभे राहिले. आबा साडेचारशे किलोमीटर लांब होते तरी सुयोगने ती आत ओढताना दोन वेळा मागे वळून पाहिलं.

खिडकीच्या जाळीची सावली खुर्चीवर तिरकी पडली होती. सुयोगने सीटवर आबांचा जुना चष्मा ठेवला. काहीतरी कमी वाटत होतं, म्हणून हवेत थोडा पोत यावा यासाठी त्याने समोर एक उदबत्ती लावली. धुराची रेघ चष्म्यावरून वर गेली आणि त्याने बटण दाबलं; हे मात्र कुठेतरी गेलं. त्याने फोटो मोठा करून पाहिला. पहिल्यांदाच वस्तू वस्तूसारखी दिसत नव्हती. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी दिसत होती.

त्याने रंग काढून टाकला. काळी चौकट घातली. खाली शीर्षक लिहिलं, ‘आबा’, आणि त्याखाली तारीख.

इथे कुठल्याही शहाण्या मराठी माणसाच्या डोक्यात घंटा वाजली असती. आपल्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो रंगीत असतो, मग तो आधार कार्डावरचा का असेना. कृष्णधवल फोटो, काळी चौकट, नाव, तारीख आणि उदबत्ती एवढं जमून आलं की पुढचं वाक्य वर्तमानपत्रवाला स्वतःच घालतो. पण सुयोगच्या डोक्यात त्या वेळी फक्त प्रांजल मॅडमच्या आई होत्या, आणि त्या ही खुर्ची ओळखणार नाहीत याचा आनंद होता.

शनिवारी सकाळी पावणेसातला, कामावर निघताना, त्याने तो फोटो स्टेटसला ठेवला. त्याचं स्टेटस चारच जण बघत, आणि प्रतिक्रिया पाच हव्या होत्या, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, ‘कृपया आपल्या भावना कळवाव्यात.’ मग लोकलच्या गर्दीत फोन खिशातून निघालाच नाही, आणि आठ वाजता नियमाप्रमाणे त्याने तो कारखान्याच्या लॉकरमध्ये ठेवला आणि बटणं दाबायला लागला.

संध्याकाळी फोन हातात आला तो बंद पडला होता. सुयोगला वाटलं, बॅटरी जुनी झाली.

सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला होता. साडेपाच वाजत होते. लांबून त्याला वाटलं वाढदिवस आहे, कारण खालच्या बाजूला देवदत्त कर्णिक निळ्या सफारीत, पूर्ण रंगात, हात जोडून हसत होते. जवळ गेल्यावर दिसलं की वरच्या बाजूला आपली खुर्ची आहे. आठ फूट बाय सहा फूट. फ्लेक्सवाल्याने बाजूने झेंडूची माळ आणि वरून दोन समया टाकल्या होत्या. सगळं कंपोझिशन बिघडवलं होतं. पण खरं सांगायचं तर एक क्षणभर, फक्त एकच क्षण, सुयोगला बरं वाटलं. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन होतं.

मग त्याने खालचा मजकूर वाचला: ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

“आलास बाळा,” तळमजल्याच्या सुलक्षणाकाकूंनी त्याला दंडाला धरलं. त्यांनी पांढरी साडी नेसली होती. “सकाळपासून फोन करतोय सगळे. एवढं झालं तरी ड्युटीला गेलास. राऊळांचाच मुलगा शोभतोस.”

“काकू, आबांना काही झालेलं नाही.”

“हो रे. असंच वाटतं.” काकूंनी त्याला आपल्या घरात नेऊन बसवलं. “आमचे हे गेले तेव्हा मी चार दिवस त्यांचा चहा टाकत होते. पाचव्या दिवशी मीच प्यायले.”

“तसं नाही काकू. तो फोटो माझ्या कोर्सचा आहे. वस्तूंचा.”

“त्यांच्या वस्तू आता जपायच्याच.” काकूंनी समोर पिठलं-भाताचं ताट ठेवलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी दुपारीच करून ठेवलं होतं. “रडून घे आणि मग खा. नाहीतर असं कर, आधी खा. गार होईल.”

सुयोगने सकाळपासून एक वडापाव खाल्ला होता. आपण हे खाल्लं तर आबा गेले हे आपण मान्य केलं असा त्याचा अर्थ होतो, हे त्याला कळत होतं. पण पिठल्यावर लसणाची फोडणी होती. त्याने फोन चार्जिंगला लावला आणि खायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या घासाला पिठल्याचा एक थेंब खिशातल्या पाकिटावर पडला.

फोन चालू झाला आणि थरथरत टेबलावरून पुढे सरकू लागला. दोनशे बारा मेसेज. सुयोगने वरून खाली वाचले. रचनेबद्दल एकाचंही एक अक्षर नव्हतं. सावल्यांबद्दल नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी लिहिलं होतं, ‘फोटो जरा अंधारा आहे, दुसरा नाही का?’ कर्णिकांनी लिहिलं होतं, ‘अतीव दुःख. सोसायटी पोरकी झाली. निवडणुकीचं नंतर बोलू.’ सगळ्यात शेवटी कर्णिकांचाच दुसरा मेसेज होता: ‘शोकसभा साडेसहा वाजता, आवारात. पार्किंगमधल्या गाड्या काढाव्यात, मार्तंडरावांना ते आवडलं असतं.’

सुयोगने आबांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. आईला लावला. बंद. आईचा फोन पर्समध्ये बंदच असे, बॅटरी वाचवायला. पण हे आत्ता आठवून धीर येईना.

“उचलणार कोण आता,” काकू हळूच म्हणाल्या. “पहाटे पाचला गेले म्हणतात. झोपेतच. छातीत दुखतंय म्हणाले आणि कूस वळले.”

सुयोगचा घास थांबला. “हे कोणी सांगितलं?”

“वरच्या अस्मिताच्या भावोजींना कुडाळहून कळलं ना.”

आता इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण भीती ही अशीच, बाजूच्या दाराने येते. आतापर्यंत सुयोगला आबांच्या रागाची भीती होती. ती लहानपणापासूनची, सवयीची, घरच्या मांजरासारखी. पण कुडाळहून कळलंय म्हटल्यावर आलेली भीती ओळखीची नव्हती. बुधवारी निघताना आबा म्हणाले होते, गॅस झालाय. छातीवर हात पण फिरवला होता. नसेल फिरवला. फिरवला होता. एका बाजूला दोनशे बारा माणसं आणि अस्मिताचे भावोजी, आणि दुसऱ्या बाजूला एकटा तो, ज्याला आजवर किसणीसुद्धा धड लपवता आलेली नाही. एवढी माणसं एकदम चुकतात का? वस्तूचं नसणं दाखवा म्हणाल्या होत्या मॅडम. त्याने दाखवलं होतं. आधी दाखवलं, आणि मग ते झालं, असं तर नसेल?

त्याने परत फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

सव्वासहा झाले होते. हातात करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. आबा असोत किंवा नसोत, अर्ज सातच्या आत द्यायचा होता. नसले तर ती त्यांची शेवटची इच्छा होती. असले तर शेवट सुयोगचा होता. तो जिने चढून चौथ्या मजल्यावर गेला.

चंद्रप्रकाशभाईंनी पाकीट हातात घेतलं नाही. फक्त पाहिलं.

“बस बेटा. बहोत वाईट झालं. पण मयत माणसाचा फॉर्म मी नाय घेऊ शकत.”

“काका, आबा जिवंत आहेत.”

“कोण बोलला?”

“मी बोलतोय.”

“आणि मेला कोण बोलला?”

सुयोगने मान खाली घातली. “मी.”

“मग आता मी कुठल्या सुयोगवर विश्वास ठेवू? सकाळचा सुयोग लेखी आहे, तारीख टाकून आहे. आत्ताचा सुयोग तोंडी आहे.” चंद्रप्रकाशभाईंनी कपाटातून नियमावली काढली, पान उघडलं आणि ते सुयोगला न दाखवता परत मिटलं. “सात वाजेपर्यंत मी खाली सभेत बसतो. रजिस्टर पण नेतो. तू माणूस आण, मी फॉर्म घेतो.”

“माणूस गाडीत असेल, गावाला असेल, मला काहीच माहीत नाही, काका.”

“मग त्याच्या हातचा लेखी आण.” ते उठले आणि सुयोगच्या डोक्यावरून हात फिरवला. “जेवलास का?”

खाली आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. समोर फ्लेक्स आणून टेकवला होता आणि त्याच्यापुढे खरी खुर्ची ठेवली होती. तपकिरी, टेप लावलेली. काकूंकडे घराची जादा किल्ली असे. त्यांनी उघडून दिलं होतं. खुर्चीला झेंडूचा हार घातला होता आणि सीटवर तोच चष्मा.

देवदत्त कर्णिक बोलायला उभे राहिले. हा माणूस बँकेत असताना निरोपसमारंभांची भाषणं करायचा. जिवंत माणसावर बोलूनच त्याने एवढं नाव कमावलं होतं, आज तर त्याला कोणी अडवणारं नव्हतं.

“मार्तंडराव आणि माझे मतभेद होते,” कर्णिक म्हणाले. “पार्किंगवरून होते. पाण्याच्या टाकीवरून होते. माझ्या तुळशीच्या कुंडीवरून सलग तीन सभा झाल्या. पण आज ही खुर्ची पाहिली, आणि मला कळलं, की आपण काय गमावलं. मी आज सर्वांसमक्ष सांगतो, या खुर्चीत बसण्याची पात्रता या सोसायटीत कोणाचीही नाही. माझीसुद्धा नाही.”

चंद्रप्रकाशभाईंनी वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात लिहून घेतलं आणि कर्णिकांपुढे सहीसाठी रजिस्टर धरलं. कर्णिकांनी डोळे पुसत सही केली.

“सुयोग, दोन शब्द बोल,” काकू म्हणाल्या.

सुयोग उभा राहिला. आता सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं. “हा फोटो,” तो म्हणाला, “मी घरगुती वस्तूंच्या अभ्यासासाठी काढला होता. धूर उदबत्तीचा आहे, पण उदबत्ती फक्त पोतासाठी होती. मॅडम म्हणाल्या, नसणं दाखवा. म्हणून मी चष्मा ठेवला.” पुढच्या रांगेत दोन बायका रडायला लागल्या. “नाही, तसं नाही. आबा गावाला गेलेत, उद्या यायचे आहेत. मी फोन लावतोय. फोन लागत नाही.” तो थांबला. पुढचं वाक्य त्याला म्हणायचंच नव्हतं, पण ते आलं. “मला माहीत नाही आता ते आहेत की नाहीत. मला फार भीती वाटते.”

असं भाषण कोणाच्याच अपेक्षेत नव्हतं.

“आपण दोन मिनिटं शांत उभे राहू,” चंद्रप्रकाशभाई म्हणाले आणि घड्याळ हातात घेतलं.

सगळे उभे राहिले. माना खाली. कावळासुद्धा ओरडला नाही. सुयोगने डोळे मिटले आणि पहिल्यांदाच कोणी रागावेल याची नाही, तर कोणी आता कधीच रागावणार नाही याची भीती त्याला वाटली. तिची त्याला सवय नव्हती. ती मांजरासारखी मुळीच नव्हती.

एक मिनिट झालं असेल.

गेटवर शिट्टी वाजली. लांब, मग दोन तोकड्या. त्या सोसायटीत या शिट्टीचा अर्थ लहान मुलालाही पाठ होता: गाडी कोणाची आहे ती काढा.

“हयसर टेम्पो कोणी लावल्यान?” मागून आवाज आला.

एकही मान वर झाली नाही. काही जणांना वाटलं हेच ते, आत्मा घुटमळतो म्हणतात तो. कर्णिकांचे हात जोडलेलेच राहिले. टेम्पो खुर्च्यांचा होता. तो ड्रायव्हरने काही न विचारता मागे घेतला.

“दोन मिनट पूर्ण नाय झाली अजून,” चंद्रप्रकाशभाई पुटपुटले, पण कोणाकडे न बघता.

आबा मधल्या वाटेने चालत आले. एका खांद्यावर उकड्या तांदळाचं बोचकं, दुसऱ्या हातात कोकमाची बाटली, मागे आई. तलाठी रजेवर गेला म्हणून ते सकाळच्या गाडीने परत निघाले होते, ठाण्याला उतरले होते आणि घोडबंदरच्या रस्त्याने रिक्षा करून आले होते. बोगद्याबोगद्यांत आबांचा फोन गेला तो गेलाच. आईने वाटेत पर्स उघडली होती, पण खारी काढायला.

आबा फ्लेक्ससमोर थांबले. पूर्ण मजकूर वाचला. कर्णिकांचा रंगीत फोटो पाहिला. मग हार काढला, चष्मा खिशात टाकला आणि खुर्चीत बसले.

“कोण बोलत होतो?”

सगळ्यांच्या नजरा कर्णिकांकडे वळल्या.

“कर्णिक, तुमचा बोलून झाला काय?”

“झालं,” कर्णिक कसेबसे म्हणाले.

“मग परत बोला. मी उशिरा आलंय.”

कर्णिक खाली बसले, म्हणून चंद्रप्रकाशभाईंनी इतिवृत्त उघडलं आणि सगळं भाषण मोठ्याने वाचून दाखवलं, तुळशीच्या कुंडीसह, सहीपर्यंत. आबा डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या वाक्याला त्यांनी एकदा मान हलवली, जशी गाण्याच्या बैठकीत एखाद्या चांगल्या जागेला दाद देताना हलवतात.

“हे वाक्य मी मागे घेतो,” कर्णिक म्हणाले.

“मागे घ्यायचं तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव लागतो,” चंद्रप्रकाशभाई म्हणाले. “तोपर्यंत तुमची पात्रता नाय. तुम्हीच लिहून दिलंय.” मग त्यांनी घड्याळ पाहिलं. “सहा सत्तावन्न. राऊळभाई, फॉर्म?”

आबांनी सुयोगकडे पाहिलं. सुयोगने पाकीट पुढे केलं. चंद्रप्रकाशभाईंनी ते उजेडात धरून पाहिलं.

“पिठलं लागलंय,” ते म्हणाले.

“माझ्याच श्राद्धाचा आसतला,” आबा म्हणाले. “घ्या.”

कर्णिकांचा अर्ज त्यांच्याच सहीने बाद झाला, उरला एकच. आबा बिनविरोध झाले.

घरी आल्यावर आबांनी आधी खुर्ची गॅलरीत परत नेऊन ठेवली. आईने काकूंचं उरलेलं पिठलं गरम केलं आणि मीठ जास्त आहे म्हणत दोनदा वाढून घेतलं. सुयोग दाराजवळ उभा होता, पळायचं झालं तर सोयीचं म्हणून. पण जेवण झालं, हात धुऊन झाले, तरी आबा गप्पच. शेवटी त्यांनी हात पुढे केला. “फोटो दाखव.”

सुयोगने फोन दिला. आबांनी तो लांब धरून पाहिला.

“ह्याच्यात मी खंय?”

“तुम्ही नाही आहात, आबा. तसाच काढायचा होता.”

आबांनी फोन डोळ्यांजवळ आणला. सुयोगला वाटलं, आता. आत्ता होईल.

“मी नसताना खुर्ची अशी दिसात?”

“हो.”

“टेप बदलूक व्हयी,” आबा म्हणाले आणि फोन परत दिला.

रविवारी सकाळी सुयोग उठला तेव्हा आबा दाढी करून, पांढरा शर्ट घालून गॅलरीत खुर्चीत बसले होते. खुर्चीच्या तुटक्या हातावर नवी टेप होती. गळ्यातली शिट्टी शर्टाच्या आत घातली होती; हे त्यांनी लग्नकार्यातही कधी केलं नव्हतं.

“कॅमेरो घे. काळो-पांढरो काढ, माझो. खरोच लागात तेव्हा ही माणसां परत खुर्चीच लावतीत.”

“आबा, नको.”

“तेव्हा तू काढू शकणार नाय. आता काढ.”

सुयोगने कॅमेरा डोळ्याला लावला. काचेतून आबा लहान दिसत होते. इतके लहान तो त्यांना कधीच पाहू शकला नव्हता. बोट बटणावर होतं आणि हात थांबत नव्हता.

“घाबरतंस कित्याक?” आबा म्हणाले. “मी आसंय ना समोर.”

त्याने बत्तीस फोटो काढले. बत्तीसच्या बत्तीस हलले. कुठे एक करडा ढग, कुठे पांढरी तिरीप, एकात खालच्या कोपऱ्यात काळं काहीतरी, ते टेपही असेल आणि आबांची भिवईही. आबांनी सगळे पाहिले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी परत.

गृहपाठाची वेळ संपत आली होती. खुर्चीचा फोटो पाठवायची सुयोगला पुन्हा छाती झाली नाही. त्याने बत्तिसातला त्यातल्या त्यात बरा निवडला, चौकट घातली, तारीख टाकली आणि शीर्षकाच्या जागी फक्त एक रेघ ओढली. प्रतिक्रिया पाचांऐवजी दोनशे बारा जोडल्या.

तासाभरात प्रांजल मॅडमचा मेसेज आला. ‘पहिल्यांदाच काही ओळखू आलं नाही. आईलाही नाही. अभिनंदन. वस्तूचं नाव प्रमाणपत्रावर छापावं लागतं, ते कळवा.’

सुयोग विचार करत बसला. खाली आवारात कोणीतरी गाडी चुकीच्या जागी लावली असावी. गॅलरीतून शिट्टी वाजली. लांब, मग दोन तोकड्या. तो नेहमीसारखा दचकला, आणि ते बरं वाटलं.

त्याने टाइप केलं, ‘नाव नको. घरातलीच आहे. रोजच्या वापरातली.’